आईच्या शांतीला लागलेली गोळी

आमची आई भांडखोर होती, हे मी अभिमानाने सांगतो. भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि आम्ही रुआबांध्याकडे टिनाच्या झोपड्यांत राहत होतो. साऱ्या वस्तीला नळ एक. कोणी आमच्या बायकांना "तुम्ही मागून भरा" म्हटलं, की आई आपला हंडा नळाखाली आदळायची. "कावून? पानी तुह्या बापानं भट्टीत वितळवलं काय?" आमच्या झोपड्यांच्या ओळीला पाणी मिळायचं ते तिच्या तोंडामुळे, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे.

मग तिचं डोकं दुखू लागलं. दवाखान्यात रक्तदाब फार निघाला आणि सर्पगंधेच्या गोळ्या सुरू झाल्या. दाब उतरला. पण नाक चोंदलं, झोपेत ती दचकू लागली, दिवसा डोळ्यांवर झापड. हळूहळू बोलणंच थांबलं. नळावर तिचा हंडा कोणी पायाने सरकवला तर ती नुसती बघत राही.

आता आमच्या लोकांचं शहाणपण ऐका. धम्म घेऊन फार वर्षं झाली नव्हती, श्रद्धा नवी कोरी होती. रविवारी वंदनेला जमणाऱ्या बायकांनी ठरवून टाकलं, की हिचा क्रोध गेला, हिला शील साधलं. एक म्हातारी तिच्या पाया पडायला वाकली. "असं शांत व्हावं मानसानं!" मी अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटणारा, आणि आमच्याच विहारात हा नवा अंगारा! घरी येऊन ओरडलो, तर बाबा म्हणाले, "गप रे. इतक्या सालांनी घरात शांतता हाय, तुले काय बोचून राहिलं?"

मी पत्रक लिहायला बसलो. आईने कागद ओढून घेतला. "माह्यावर कायचं पत्रक काढतं? मले तोंड हाय."

पुढच्या रविवारी वंदना संपल्यावर ती उठली. एकदम उठलं की चक्कर यायची, म्हणून बांबूच्या खांबाला धरून उभी राहिली.

"माह्या पाया पडू नका. हे शील नाही, गोळी हाय. माही बहीन वारली, मले रडू नाही आलं. बुद्धानं दुःख ओळखाले सांगतलं. मले तर ते कळूनच नाही राहिलं."

 मग ती म्हातारीच म्हणाली, "मंग फेक ना वो ते गोळी!"

"फेकू कशी? मी मेली तर माहा हंडा तू भरशीन काय?"

हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी आईमुळे कोणी हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर कागद बघून खूश. "अम्मा, प्रेशर तो बढ़िया है. और क्या चाहिए?"

"साहब, रोना नहीं आता, हँसना नहीं आता. झगड़ा भी नहीं होता."

"झगड़ा नहीं होता? ये तो अच्छी बात है!"

"आपके घर में नल है, साहब."

डॉक्टरांचं हसू मावळलं. मी भाषण ठोकायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. सभांमधून इतकी भाषणं ऐकली, पण समोरच्याला असं जागच्या जागी धरणारं वाक्य माझ्या कानांवर आलं नव्हतं. डॉक्टरांनी तिला बसवलं, झोपेचं विचारलं, बहिणीचं विचारलं. ती गोळी बंद करून दुसरी दिली आणि दाब मोजायला येत राहा, चुकवू नका, असं बजावलं.

आई परत आली, पण एका दिवसात नाही. आधी चिडचिड आली, मग एका दुपारी बहिणीचं लुगडं मांडीवर घेऊन पोटभर रडली. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "रड वो, रड."

नव्या गोळीने मात्र घडोघडी लघवीला लागायचं, आणि बायकांचा संडास तर बांधकामाच्या ठेकेदाराने सिमेंट ठेवायला कुलूप लावून अडवलेला. आईने म्हातारीला आणि शेजारणींना गोळा केलं आणि सगळ्यांना घेऊन त्याच्या हपिसासमोर जाऊन बसली. मला म्हणाली, "तुहं पत्रक-बित्रक राहू दे. आत जाऊन सांग, चावी दे म्हना, नाहीतर आमी लघवीले इथंच बसतो."