बुरोंडीच्या किनाऱ्यावरचं यान

सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला की ती दुपार आठवते. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. आई अंगणात दोरीवर बोंबील टाकत होती, मी मोबाईलवर होतकरू पोरांच्या नव्या विज्ञानपटांचे ट्रेलर बघत बसलो होतो. एकात आमचाच बुरोंडीचा किनारा दिसला. आकाशातून यान उतरत होतं आणि बघ्यांच्या गर्दीत बाबा मान वर करून उभे होते. शूटिंगच्या गर्दीत उभं राहिल्याचं त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. मी फोन आईपुढे धरला. "वर काय बघतायत रे?" तिने विचारलं. "यान. पण ते नंतर कॉम्प्युटरवर काढलंय. तेव्हा वर काहीच नव्हतं." "बरं," म्हणून तिने पुढचा बोंबील उचलला. रडलं कुणीच नाही. तो सिनेमा अजून आलेला नाही. दर शुक्रवारी मी शोधतो.