माहूरच्या वाटेवर थांबलेली गाडी

सुमनच्या, माझ्या बायकोच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि मी देवघरात बसायचं सोडलं. माहूरची रेणुकामाता आमची कुलदेवता. पण नांदेडच्या दवाखान्यात डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसून बसून मन कडू झालं होतं. देवीपुढं हात जोडावेत असं वाटेना. सुमन मात्र होती तशीच राहिली. पाय सुजलेले, तोंडाला चव नाही, घोटभर पाणीसुद्धा मोजून प्यायचं. तरी सकाळी उठली की आधी देवीचं नाव घ्यायची. मला त्याचा रागही यायचा.

आमची वस्ती जळकोटपासून आत, काळ्या रानातून जाणाऱ्या गाडीवाटेवर. एका पावसाळ्यात भाड्याची जीप चिखलात रुतली आणि डायलिसिसची पाळी चुकली. त्यानंतर तिला लागलेली धाप मला अजून ऐकू येते. म्हणून धर्माबादच्या एका व्यापाऱ्याकडून चारही चाकं ओढणारी जुनी गाडी घेतली. लई पळालेली होती, पण नवी घ्यायची ऐपत नव्हती. उदगीरच्या रशीदभाई मिस्तरींनी ती मन लावून तपासली. इंजिनचं, गिअरचं, पुढच्या-मागच्या आसांमधल्या क्राउनचं ऑइल बदललं. पट्टे, पाण्याचे पाइप, ब्रेकचे लायनर नवे घातले. चारही चाकांचा गिअर लागतो का, हे नांगरटीत गाडी घालून बघितलं. डिझेलची टाकी उतरवून तिच्यावरून जाणारे ब्रेकचे पाइप तेवढे बघायचे राहिले. त्यासाठी गाडी दोन दिवस ठेवावी लागणार होती, आणि एक दिवसाआड नांदेड गाठायचं असल्यानं ते दोन दिवस कधी मिळालेच नाहीत.

हिवाळ्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता हृदयही थकत चाललंय. मी सुमनला काही बोललो नाही. तिला ते कसं कळलं कोण जाणे. त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, एकदा माहूरला न्या मला. पुढं जमायचं न्हाई." मला देवीकडं जायचं नव्हतं. पण तिला नाही म्हणवलं नाही.

डायलिसिस करून नांदेडलाच मुक्काम केला आणि सकाळी निघालो. किनवट मागं पडलं. दोन्ही बाजूंना सागाचं रान, मधेमधे कापसाची शेतं. सुमन डोळे मिटून बसली होती. एका वळणावर रस्त्याच्या मधोमध एक म्हैस आली आणि तिच्या मागं काठी घेऊन एक म्हातारी. मी ब्रेक दाबला. पायडल पार खाली गेलं. गाडी जराशी अडखळली, पण थांबेना. गिअर खाली टाकले, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंग डावीकडच्या शेतात वळवलं. कापसाच्या पळाट्या मोडत, आदळत गाडी मऊ रानात गेली आणि बांधाच्या अलीकडं बंद पडली.

सुमनचं कपाळ समोर आपटलं होतं. तिनं आधी विचारलं, "म्हातारीला लागलं का?"

म्हातारीला काही झालं नव्हतं. मी खाली उतरलो तर मागच्या चाकाशी ब्रेकचं ऑइल ठिबकत होतं. मदतीला कोणी येतंय का बघायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो, आणि तिथून पुढचं दिसलं. थोड्याच अंतरावर घाटाचा उतार सुरू होत होता. एका अंगाला दरी होती. म्हैस आडवी आली नसती, तर पायडल त्या उतारावर खाली गेलं असतं.

म्हातारीनं शिव्या दिल्या नाहीत. तिनं सुमनला हाताला धरून सावलीत नेलं, पदर भिजवून तिचं कपाळ पुसलं. सुमन तोवर एकदाही रडली नव्हती. आता रडायला लागली. म्हणाली, "एवढ्या जवळ येऊन राह्यलं. तिचं बोलावणंच न्हाई मला."

म्हातारी तिचे पाय चेपत बोलली, "आपल्याला जाता न्हाई आलं तर ती येती, माय. तिला काय पाय न्हाईत?"

थोड्या वेळानं माहूरहून परतणारी एक जीप आमची गाडी शेतात बघून थांबली. त्यातल्या एका बाईनं काही न विचारता पुडी सोडली आणि देवीच्या प्रसादाचा तांबूल सुमनच्या तळहातावर ठेवला. सुमननं तो कपाळाला लावून तोंडात घातला. कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडाला चव आली. मी ते नुसतं बघत होतो. दुसऱ्या दिवशी डायलिसिसची पाळी होती, म्हणून माहूर राहिलंच; त्याच जीपनं आम्हाला किनवटला सोडलं. तिथल्या मिस्तरीनं गाडी ओढून आणली आणि टाकी उतरवून पाइप दाखवला. वरून काळा रंग मारलेला, आतून गंजून फुटलेला.

सुमन उन्हाळ्यात गेली. दवाखान्यात नाही, घरी, ओसरीवर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. त्या घाटात आम्ही दोघं संपलो असतो, तर तिला हे महिने मिळाले नसते. आमची लेक माहेरी येऊन तिच्याजवळ राहिली, तेही झालं नसतं.

दिवसकार्य आटोपल्यावर मी एकटाच माहूरला निघालो. म्हातारी त्याच रानात भेटली. "बाई बरी हाय का?" तिनं विचारलं. ती गेली, एवढंच मी सांगितलं. म्हातारी शेजारी येऊन बसली. निघताना मी तिच्या पाया पडलो तर ती ओशाळली. म्हणाली, "म्या काय केलं बाबा? म्हस तर रोजच रस्त्यावर जाती."

गडावर गर्दी नव्हती. आपल्या हातून होईल तेवढं करावं, त्यापुढची सूत्रं आपल्या हाती नसतात, असं सुमन म्हणायची. मला ते तिथं उभं राहून पटलं, आणि पटलं तरी डोळ्यांचं पाणी थांबलं नाही. देवीला म्हणालो, "माय, दिवस पुरले असं म्हणवत न्हाई. पण दिलेस. ते विसरणार न्हाई."