बर्फगाडीचा शॉक मी निवडला

माझी बायको म्हणते, देवळात गेलो तरी मी आधी चपलांकडे बघतो आणि मग देवाकडे. खोटं नाही. भाजीवाल्याने न मागता मूठभर कोथिंबीर घातली की मी पिशवीतली खालची वांगी काढून तपासतो. उगाच कोण कोणाला काही देतं?

हाच स्वभाव घेऊन मी चिपळूणजवळच्या गावातून कुवेतला आलो आणि अम्गऱ्यातल्या एका वर्कशॉपात अठरा वर्षं टिकलो. तिथे तो कामालाच आला. अम्गरा म्हणजे भंगाराची याडं आणि गॅरेजं. जुना बेअरिंग धुऊन पुसून नव्या खोक्यात घालायचा आणि नवा म्हणून विकायचा, हे तिथे रोजचं. आमच्याकडे वाळूत पळवायच्या चारचाकी बाइक, जेट-स्की, मोटरसायकली यायच्या. आलेला प्रत्येक पार्ट मी आधी नखाने खरवडून बघायचो, मग सही करायचो. अरबाब, म्हणजे आमचा कुवेती मालक, हसायचा, पण त्याला ते आवडायचंही.

वर्कशॉपात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. दुसरे चाचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, साठीला टेकलेले. पार्ट मागवणं, कस्टमचे कागद, अरबी पत्रव्यवहार सगळं त्यांच्याकडे. त्यांचं अरबी अक्षर इतकं वळणदार की बलदियाचे, म्हणजे तिथल्या महापालिकेचे, लोकसुद्धा कागद हातात घेऊन क्षणभर बघत राहायचे. दुपारी आम्ही एकाच वर्तमानपत्रावर डबे उघडायचो. माझी आमटी, त्यांचं माशाचं कालवण, आणि ज्याचा भात कमी पडेल त्याने दुसऱ्याचा घ्यायचा.

त्या वर्षी जूनमध्ये अरबाबाने पिकअपवर एक यंत्र आणून उतरवलं. पुढे दोन स्की, मागे रबराचा लांबलचक पट्टा, मध्ये सीट. डोंगरातल्या भुसभुशीत बर्फात चालवायची गाडी. दर जानेवारीत अरबाब आणि त्याचे दोन भाऊ जॉर्जियाच्या डोंगरात जायचे. मागच्या खेपेला त्याने ती एका खडकावर आपटली होती. पट्ट्याच्या आत एक सांगाडा असतो, दोन लांब रूळ आणि त्यावर दोन शॉक, म्हणजे दणका शोषणारे दांडे. तेच तिचं पाठचं सस्पेन्शन. त्यातला एक रूळ वाकला होता.

वाकलं होतं ते एवढंच नव्हे. दोन वर्षांपूर्वी अरबाबाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरने सांगितलं होतं की पुन्हा जोराचा दणका बसला तर पाय जाईल. कोणताही शहाणा माणूस घरी बसला असता. पण भाऊ जाणार आणि आपण रुमैथियातल्या घरी बसून फोटो बघणार, हे त्याला सहन होईना.

"सदीक, दोस्त," तो मला म्हणाला, "ये कंपनी वाला सस्पेन्शन खलास. बाहर का अच्छा वाला डालो. तुम पसंद करो. मैं कुछ नहीं पूछेगा."

झालं. तेव्हापासून माझी झोप उडाली. अठरा वर्षांत या माणसाने मला साधा स्पार्क प्लगसुद्धा स्वतःच्या मनाने निवडू दिला नव्हता. मी जन्मात बर्फ बघितला नाही. फ्रीजरमधला बघितला तेवढाच. मग मीच का? पाणी कुठेतरी मुरत होतं. उद्या काही झालं तर बोट दाखवायला एक माणूस हवा, म्हणून मला पुढे केलंय, असं मी धरून चाललो.

मी महिनाभर अभ्यास केला. फोनवर बर्फात गाड्या उडवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघितले. जो ज्याचं कौतुक करी, त्याला तो माल फुकट मिळाला असणार, हे मी लगेच ओळखायचो. शेवटी दोनच पर्याय उरले. एक स्प्रिंगच्या शॉकचा, जड, लोखंडी, जुन्या वळणाचा. दुसरा हवेच्या शॉकचा, वजनाला निम्मा. डोंगर चढताना गाडीचं ढुंगण जितकं हलकं तितकं बरं, आणि हवा कमीजास्त करून तो माणसाच्या वजनाप्रमाणे लावता येतो.

"स्प्रिंगचा घे," चाचा म्हणाले. "जड हाय, पण उन्हात नि थंडीत एकसारखा चालतो. हवेचा काय भरवसा? मी कोल्ड स्टोरेजला होतो ना, तिथे फोर्कलिफ्टची टायरं बाहेर उन्हात भरली की आत जाऊन पार बसायची. हवा थंडीत आक्रसते रे."

"ते टायर, चाचा. हा शॉक आहे."

"हवा ती हवाच."

आता स्प्रिंगचा तो सेट शुवैखमधल्या ज्या दुकानात मिळायचा, तिथे चाचांचा पुतण्या कामाला होता. हे मला ठाऊक होतं आणि ते मला रात्रंदिवस टोचत होतं. चाचांनी तीनदा स्प्रिंगचं नाव काढलं. तिसऱ्यांदा आम्ही जेवत होतो. मी म्हणालो, "पुतण्याचा माल खपत नाही वाटतं?"

चाचांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो डब्यात ठेवला, डब्याला झाकण लावलं आणि ते उठून ऑफिसात गेले. दुसऱ्या दिवसापासून ते ऑफिसातच जेवायला लागले. मला वाटलं, बरोबर जिव्हारी लागलं. चोराच्या मनात चांदणं.

मी हवेचा सेट मागवला. खरं सांगायचं तर तो चांगला होता म्हणून नव्हे, चाचांना दुसरा हवा होता म्हणून.

ऑगस्टमध्ये सेट आला. खोकं, शिक्का, प्रत्येक बोल्ट मी तपासला. जोडणी स्वतः केली, कोणाला हात लावू दिला नाही. मग भर दुपारी अरबाबाला गाडीवर बसवलं. शेडमध्ये पंख्याखालीसुद्धा लोखंडाला हात लावता येत नव्हता. तो पांढऱ्या पायघोळ दिशदाशात, पायात सपाता. मी गाडी किती खाली बसते ते टेपने मोजत होतो आणि छोट्या हातपंपाने हवा भरत होतो. पुस्तकात दिलेल्या मापाला गाडी तंतोतंत बसली. अरबाबाने वरखाली उड्या मारून बघितल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ज़ेन, अच्छा. मखमल." त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो. जगातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, आणि काम चोख झालं होतं.

ऑक्टोबरात गाडी लाकडी पेटीत भरून कार्गोला द्यायची होती. पेटीतल्या मालाच्या यादीवर सही माझी. सकाळी मी वॉशिंगच्या बाजूला होतो, तेव्हा चाचा इकडेतिकडे बघत पेटीजवळ आले आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी सीटखाली सरकवून निघून गेले.

मी थोडा वेळ जाऊ दिला. मग जाऊन ते काढलं. फडक्यात आमच्या वर्कशॉपचा तो हातपंप होता, दाबाचा गेज लावलेला, आणि दोऱ्याने त्याला बांधलेला एक कागद. कागदावर चाचांच्या वळणदार अक्षरात अरबीत सात-आठ ओळी. मला अरबी बोलता येतं, वाचता येत नाही. हे चाचांना चांगलं माहीत होतं. मला कळू नये म्हणूनच अरबीत लिहिलंय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. वर्कशॉपचं हत्यार, यादीत नाही, सही माझी. तिकडे कोणाच्या तरी हाती जायचं असणार, आणि कस्टमने पकडलं तर मी अडकणार. मी कागद सोडून माझ्या ड्रॉवराच्या तळाशी घातला आणि पंप वर टाकला. वेळ येईल तेव्हा पुरावा म्हणून उपयोगी पडतील. मग पेटीवर फळ्या ठोकल्या.

जानेवारीत अरबाबाच्या भावाचा वर्कशॉपच्या मॅनेजरला फोन आला. पहिल्याच दिवशी, उंचवट्यावरून उतरताना गाडीचा मागचा भाग पार तळाला आपटला. अरबाबाला सीटवरून उचलूनच काढावं लागलं. विमानाने आणला, ऑपरेशन झालं. डाव्या पायात जीव येतो की नाही ते तीन महिन्यांनी कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

आम्ही सगळे ऑफिसात उभे होतो. चाचांनी मॅनेजरला एवढंच विचारलं, "पंप नाही इस्तेमाल किया क्या उन्होंने?"

मी ड्रॉवरातला कागद घेतला आणि शेजारच्या गॅरेजातल्या इजिप्तच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने चष्मा चढवून मला मोडक्या हिंदीत वाचून दाखवलं. गाडी आधी चार तास बर्फात उभी ठेवा. मग सगळे गरम कपडे, बूट, पाठीवरची बॅग घालून तिच्यावर बसा. इथे आम्ही हवा उन्हाळ्यात भरली आहे, तिथे ती कमी झालेली असेल. गाडी पुस्तकातल्या मापाला येईपर्यंत पंपाने भरा, त्याशिवाय चालवू नका. प्रश्न तुमच्या पाठीचा आहे.

"कौन लिखा?" त्याने विचारलं. "शाबाश. बहुत समझदार."

अरबाबाला हॉस्पिटलातून घरी आणलं, त्यानंतर चार दिवसांनी चाचा आणि मी त्याला बघायला रुमैथियाला गेलो. दिवाणियात, जिथे एरवी वीसवीस पाहुणे बसायचे, तिथे आता त्याचा पलंग लावला होता. तो सपाट पडला होता आणि छताकडे बघत बोलत होता.

"चाचा, तुम फोन में बोला था, पंप पेटी में है. नहीं था. मैं समझा, तुमने देख लिया, ज़रूरत नहीं होगा. इसलिए नहीं रखा."

चाचांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नसीत, अरबाब," ते म्हणाले. "भूल गया. गलती मेरा."

आणि मी गप्प राहिलो. हे लिहायला मला लाज वाटते, पण मी चहाचा पेला हातात धरून, मान खाली घालून गप्प राहिलो.

बाहेर येऊन मी पिकअप सुरू केली. रिंग रोडच्या सिग्नलपर्यंत कसाबसा गेलो. मग म्हणालो, "चाचा, पंप मी काढला होता."

"माहीत हाय. नोव्हेंबरात गेज शोधायला तुझा ड्रॉवर उघडला, तेव्हा बघितला. वाटलं, जुना ठेवून नवा दिला असशील तू. तुझ्यासारखा चौकस माणूस. म्हणून विचारलं नाय."

"मग आता खोटं का बोललात?"

"तुझ्या पोरीचं बारावीचं वर्ष. तुझा व्हिसा कापला तर काय करशील? माझं काय, मी दोन वर्षांत जायचाच हाय."

आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? की हा आता माझ्याकडून काय मागणार? देवाशप्पथ सांगतो, हेच आलं. शेजारी तो म्हातारा माणूस मांडीवर हात ठेवून बसला होता, आणि मी त्याच्या चेहऱ्यावर हिशेब शोधत होतो. त्या क्षणी मला माझी किळस आली. मी यू-टर्न घेतला.

"कुठे निघालास?" चाचा म्हणाले. "अरे, नको. ऐक माझं."

मी ऐकलं नाही. दिवाणियात जाऊन पलंगाशी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पुतण्याचं बोललो ते, फडकं, ड्रॉवर, न वाचता ठेवलेला कागद. चाचा दाराशी उभे होते.

"तुमको मालूम, मैं तुमको क्यों बोला, तुम पसंद करो?" अरबाब म्हणाला. "तुम सब पे शक करता है. मैं सोचा, ऐसा आदमी अपने पे भी करेगा. दो बार देखेगा."

पांघरुणाखाली त्याचा उजवा पाय मधूनच हलत होता, डावा नाही.

मग त्याला कूस बदलायची होती. त्याने हात वर केला. मी जवळच होतो, पटकन वाकून त्याच्या खांद्याखाली हात घालायला गेलो.

"तुम नहीं," तो शांतपणे म्हणाला, आणि दाराकडे बघून चाचांना हाक मारली.

चाचा आले. त्यांनी त्याच्या पाठीखाली दोन्ही हात घातले, आधी डावा पाय उचलून ठेवला आणि त्याला सावकाश वळवलं. मी भिंतीपाशी सरकून त्यांना जागा दिली.