विहिरीचं दुसरं माप

बशीरभाई गेल्याची बातमी मला कंपनीच्या गेटवर मिळाली. पहिली शिफ्ट सुटलेली, हातात डबा, आणि समोर त्यांचा थोरला सलीम. "काका, अब्बा गेले," एवढंच म्हणाला. बशीरभाई म्हणजे भोसरीच्या रस्त्यावर गॅरेज चालवणारा माणूस. त्यांच्या हाताखालून गेलेला ट्रक ड्रायव्हरच्या आधी घरी पोचायचा, असं मी वर्षानुवर्षं चारचौघांत सांगत आलो. आता त्यांच्या विहिरीचं सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर त्यांनी चऱ्होलीच्या उतारावरची मोसंबीची बाग घेतली. बाग कसली, बागेचं मढं! कुणा मालकानं पूर्वी तिथलं रान तोडून नुसती मोसंबी लावली, विहीर उपसून तळ उघडा पाडला आणि झाडं वाळल्यावर तो निघून गेला. तिथं कावळासुद्धा येताना घरून भाकरी बांधून आणायचा. विहिरीतल्या बेडकांच्या दोन पिढ्या पोहणं न शिकताच म्हाताऱ्या झालेल्या. बशीरभाईंनी वरच्या खडकाळ अंगाला आम्हा कंपनीतल्या कामगारांना थोडे प्लॉट विकले आणि आलेल्या पैशातून खालच्या उतारावर आडवे बांध घातले, करंज, जांभूळ, बाभळी लावल्या. अट एकच : छपराचं पाणी विहिरीकडे वळवायचं. त्यामुळे आमची सगळी छपरं एकाच दिशेला कललेली. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटे, विहिरीत काहीतरी पडलंय आणि अख्खी वस्ती वाकून बघतेय.

"भाई, रानच वाढवायचं तर माणसं कशाला वसवता?" मी विचारलं होतं.

"शिंदेराव, बेवारस गाडीची चाकं आधी चोरीला जातात. राहती माणसं असली की राखण होते."

सकाळची नमाज झाली की ते विहिरीवर. स्कूटरींच्या जुन्या क्लचतारा एकीला एक जोडून त्यांनी लांबलचक तार केली होती, टोकाला नट. ती सोडायची, वर ओढायची, फडक्यानं पुसायची आणि पुन्हा सोडायची. दुसऱ्यांदा वर आली की मग ओल बघायची. इंजिनातलं ऑइल बघायची हीच रीत. "पहिल्या मापावर बोलायचं नाही," म्हणायचे, "कडेचं लागलेलं असतं, ते फसवतं."

दोन पावसाळ्यांत बांधांवर कमरेएवढं गवत आलं. आमच्यातले फोरमन जगताप म्हणजे फरशीवर तेलाचा थेंब दिसला तर सुतक पाळणारे. खंडेनवमीला कंपनीत मशीन घासूनपुसून झाली, हार घातले, तरी त्यांचे हात शिवशिवत राहिले. बशीरभाई लग्नाला मिरजेला गेलेले. जगतापांनी शिट्टी फुंकली आणि आम्ही अख्ख्या वस्तीनं गवत मुळासकट काढून बांध गुळगुळीत केले, कडेला गेरूसुद्धा मारला! इतके चकचकीत की मी त्यात बघून भांग पाडला. मग परतीचा पाऊस आला... बांध गेरूसकट विहिरीत.

गोदामासाठी सगळी जमीन मागणारा दलाल तेव्हाच घिरट्या घालत होता. यंदा विहीर टिकली नाही तर विकून मोकळं व्हायचं, असं निम्मी वस्ती म्हणू लागली. बशीरभाई आले. तार सोडली, वर चिखल. पुसून पुन्हा सोडली, पुन्हा चिखल.

"भाई, शिव्या तरी द्या," जगताप म्हणाले.

"शिव्यांनी गाळ निघतो काय, जगतापसाहेब? पाट्या आणा."

हिवाळाभर शिफ्ट सुटली की गाळ काढायचा, तोच बांधांवर चढवायचा, वर गवताचे ठोंब लावायचे. माझ्या पाठीचे मणके त्या हिवाळ्यात जागा बदलून बसले, ते आजवर परतले नाहीत. पण उन्हाळ्यात तळाशी पाणी राहिलं. हंडाभरच, पण मी भोसरीपर्यंत सांगत सुटलो की विहिरीत मगरी झाल्यात. दलाल यायचा थांबला. बशीरभाईंनी मला बाजूला घेतलं. "मगरी परत घ्या, शिंदेराव. बायका पाण्याला यायच्या बंद झाल्या."

इतक्या वर्षांनी, बशीरभाई गेल्यावर, आता दलाल पुन्हा येतो. गेल्या रविवारी विहिरीवर सगळे जमले. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाची पोरं शहराकडे ओढतात. विहिरीत पुन्हा गाळ साचलाय, तो काढायचं बळ आता कुणात नाही, माझ्यातही नाही. सलीम म्हणाला, "काका, तुम्ही सगळे म्हणाल तसं. अब्बा असते तर गोष्ट वेगळी."

दलाल म्हणाला, "विहीर आटलीय राव, बघा तरी."

मी तार सोडली. वर ओढली. नुसता नट ओला. या विहिरीत मगरी सोडणारा मी, मला एक बेडूकसुद्धा सुचेना.

"झालं ना समाधान?" दलाल म्हणाला.

रहाटाच्या खुंटीला बशीरभाईंचं फडकं तसंच लटकत होतं, ग्रीसनं काळं, उन्हानं कडक झालेलं. सलीमकडे बघायचं टाळून मी ते काढलं आणि तार सावकाश पुसली, टोकापर्यंत.

"घाई काय करता?" दलालाला जगतापच म्हणाले. "हे पहिलं माप होतं."

मी तार पुन्हा खाली सोडली.