शिक्र्यासाठी मागितलेले तीन आठवडे

खरवईच्या काकींच्या अंगणात मी पहिल्यांदा गेले ती पत्रक घेऊन. 'शिक्रा वाचवा', वर ठळक लाल अक्षरांत. मी मूळची अंबरनाथची, आता शिरगावात राहते. आमच्या घरी दर चौदा एप्रिलला पत्रकं वाटत वाटतच मी वाचायला शिकले, त्यामुळे छापील कागदावर माझा जरा जास्तच विश्वास. काकींनी कागद घेतला, मागूनपुढून बघितला आणि विचारलं, "यात माज्या पिल्लांचं काय लिवलंय?"

काहीच लिहिलं नव्हतं.

त्यांच्या आंब्यावर शिक्र्याच्या जोडीनं घरटं केलं होतं. घरट्यात तीन पिल्लं. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा, लाल डोळ्यांचा शिकारी पक्षी. सरडे खातो, उंदीर खातो, आणि खाली कोंबडीची पिल्लं उघड्यावर दाणे टिपत असतील तर तीही उचलतो. का नाही उचलणार? भोवतालचं रान टॉवरवाल्यांनी खाल्लं, त्यांना कोणी हटकलं नाही. काकींची शेतीही त्यातच गेली. मुलगे कात्रपला फ्लॅटमध्ये राहायला गेले. मागे राहिलं हे अंगण, आंबा आणि गावरान कोंबड्या.

"तेवडंच मना इचारल्याबिगर कुनी नेत नवतं," काकी म्हणाल्या. "आता ह्यो नेतो."

त्या आठवड्यात कोंबडीची पाच पिल्लं गेली होती. जावई रविवारी येऊन घरट्याची फांदी तोडणार होता. मी ताडकन म्हटलं, "काकी, कायद्यानं गुन्हा आहे हा!"

"मंग कायद्याला सांग, अंगनात येऊन बस."

मी खरंच सांगायला गेले. एका सरकारी कार्यालयात फोन लावला. नुकसानभरपाई मिळेल का, विचारलं. तिकडून प्रश्न आला, "बिबट्या आहे का?"

"नाही, शिक्रा."

"केवढा असतो?"

"कबुतराएवढा."

"मॅडम, कबुतराएवढ्या जनावराचा पंचनामा कसा करू?" मागे कोणीतरी हसलं. वाघ वाचवायचा तर जीप येते, पाहुणे येतात. कबुतराएवढा जीव वाचवायचा, तर त्याची किंमत एका बाईच्या अंगणातून वसूल करा!

शेवटी मी काकींकडे तीन आठवडे मागितले. तेवढ्यात शिक्र्याची पिल्लं उडाली असती. काकींनी अट घातली, "तवर माजं एक बी पिल्लू गेलं, तर फांदी गेली."

मी हो म्हटलं. कशाच्या जिवावर म्हटलं, देव जाणे, आणि देव तर मी मानतही नाही.

पहिले दोन दिवस पिल्लं डालग्याखाली कोंडली. मे महिना. बांबूच्या त्या टोपल्याखाली पिल्लं चोची उघडून धापा टाकायला लागली, तसं काकींनीच डालगं उचललं. मग त्यांना सासूची युक्ती आठवली. पिल्लं रंगवायची. भडक रंगाचं पिल्लू दिसलं की शिकारी पक्षी बिचकतो, हे खाणं नव्हे असं त्याला वाटतं. काकींनी जिलबीवाल्याकडून गुलाबी रंग आणला, पाण्यात कालवला आणि अकराच्या अकरा पिल्लं बुचकळली. अंगणभर गुलाबी कापूस पळतोय असं दिसायचं. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काय गो, होली आता करतंस?"

चार दिवस शिक्रा खाली उतरला नाही. मी सुट्टी टाकून रोज शिरगावातून चालत यायचे आणि मोजायचे. अकरा. अकरा. पण कोंबडीची जात मातीत लोळणारी. पाचव्या दिवशी रंग फिका पडला होता. काकी म्हणाल्या, परत बुडवू. मला मात्र घाई. दर चार दिवसांनी रंगवायचं, एखादा दिवस चुकला तर? मी म्हटलं, "थांबा काकी, मी पक्का रंग आणते."

उल्हासनगरात कपड्याच्या रंगाच्या दुकानात गेले. सिंधी काका गल्ल्यावर बसले होते. "किस पे चढाना है?"

"कोंबडीच्या पिल्लांवर."

त्यांनी चष्मा वर केला. "मुर्गी सूती है या नायलॉन की?" गिऱ्हाइकं हसली. पुडी बांधताना मात्र ते हसत नव्हते. "बेटा, ये कपडे का माल है. मुंह में नहीं जाना चाहिए."

मी ऐकलं. पुडी पर्समध्ये टाकली. याच रंगांच्या पाण्यानं नदी मारली असं ओरडणारं पत्रक मी स्वतः लिहिलेलं, स्वतः वाटलेलं. पण नदीला चोच नसते. पिल्लू दिवसभर चोचीनं पिसं साफ करतं, हे मला, पक्षी वाचवणारीला, सुचलं नाही.

रंग पक्का बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी सात पिल्लं अंगणात पडली होती. लोळली तरी न उतरलेल्या गुलाबी रंगात.

काकी पायरीवर बसल्या होत्या. जावई कोयता घेऊन आलेला. "रोग आलाय," तो म्हणाला. "वरून त्याची घाण पडते ना, त्यातनं. आधीच सांगत होतो." आणि आंब्याला शिडी लावली.

गप्प राहिले असते तर फांदी तुटली असती आणि मी चांगली मुलगी म्हणून परत गेले असते. मी म्हटलं, "रोग नाही. रंगानं मेली. दुकानदारानं मला सांगितलं होतं, तोंडात जाऊ देऊ नकोस म्हणून."

जावई शिडीवरच थांबला.

"त्यो नेत होता तो पोरांना घालाया," काकी म्हणाल्या. "तू कशापायी मारलीस?"

त्यांनी जावयाला खाली उतरवलं. उरलेली चार पिल्लं माझ्या पुढ्यात ठेवली. "ही जगली तर फांदी ऱ्हाईल. यातलं एक जरी गेलं, कुनापायी बी जावो, तर फांदी गेली. मंग मना कारनं सांगू नको."

मी कोमट पाण्यात ती धुतली. रंग हाताला लागत नव्हता, इतका पक्का. गूळपाणी पाजलं. तीन पिल्लं दुपारपर्यंत पायावर उभी राहिली. चौथं चोच उघडेना. मी चिंधीनं थेंब थेंब सोडत होते, ते बाजूनं गळत होते. वर शिक्र्याची मादी सरडा घेऊन आली आणि घरट्यातला कलकलाट सुरू झाला. वरची तिन्ही जिवंत, भुकेली, पंख फुटायला आलेली.

साडेचारला चौथ्यानं मान टाकली. ते पर्समध्ये टाकून मांजरानं नेलं म्हणता आलं असतं. मी ते मांडीवरच ठेवलं.

काकी चहा घेऊन आल्या. मांडीकडे बघितलं. कप माझ्याजवळ खाली ठेवला.

"पी आदी. सकालपासनं काय खाल्लं नायस."

मग आत जाऊन त्यांनी जावयाला फोन लावला. दार उघडंच होतं.

"सकाली ये. शिडी घेऊन ये."