शांत वस्तीतला ड्रम

“मॅडम, ते भंगार आहे. फोटोत नका घेऊ.”

शेठ असं म्हणाला आणि मी आधी त्याच भंगाराचा फोटो काढला. माझा स्वभावच तसला. नको म्हटलं की हात तिकडंच जातो.

आम्ही हिंगोलीच्या बाहेर, नरसी रोडपासून थोडं आत, एका नव्या कॉलनीत उभे होतो. शेठ म्हणजे तिथलं वावर विकत घेऊन प्लॉट पाडणारा आणि घरं बांधून विकणारा. मी सिव्हिल इंजिनिअर. बँकांसाठी व्हॅल्युएशन करते. तुम्ही घरासाठी कर्ज मागितलं की बँक तुमच्या शब्दावर जात नाही, शेठच्या तर नाहीच नाही. ती माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला पाठवते. मी घर मोजायचं, भिंती बघायच्या, आजूबाजूला काय आहे ते बघायचं. आणि उद्या हे घर विकायची वेळ आली तर घेणारा कुणी भेटेल का, ते लिहायचं. याला म्हणतात मार्केटेबिलिटी. रिपोर्ट बँकेकडं जातो. ज्याला त्या घरात आयुष्य काढायचंय त्याला तो कुणी दाखवत नाही.

घर घेणार होते रफीकभाई टेलर आणि त्यांची बायको नजमाभाभी. राहायला मोंढ्याच्या मागच्या गल्लीत. मोंढा म्हणजे आमचा धान्याचा, हळदीचा बाजार. दिवसभर पोती आपटतात, धूळ थेट स्वयंपाकघरात. भाभींना दमा. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, आधी या धुळीतून बाहेर पडा, मग औषधाचं बघू. म्हणून हे घर.

ऑगस्ट होता. चहूकडं हिरवंगार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाभी मागच्या दारात उभ्या राहून मोठा श्वास घ्यायच्या, सोडायच्या आणि हसायच्या.

“बघा मॅडम, इथं छातीत शिट्टी न्हाई वाजत.”

ते दोघं गच्ची बघायला वर गेले आणि मी मागच्या कंपाउंडला वळसा घालून त्या भंगारापाशी गेले. वर नवीकोरी निळी ताडपत्री. भंगारावर नवी ताडपत्री कोण घालतं हो? मी कोपरा उचलला. लोखंडी जाळीचा भलामोठा ड्रम, आडव्या दांड्यावर बसवलेला. जाळीवरून बोट फिरवलं तर पिवळंधम्मक.

हिंगोलीच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. मार्चच्या आसपास हळद काढली की शिजवतात, उन्हात वाळवतात आणि मग असल्या ड्रममध्ये घालून ट्रॅक्टरवर गरागरा फिरवतात. वरची साल निघते, हळद चकाकते. त्याला पॉलिश म्हणतात. ती निघालेली साल उडते, आणि अशी उडते की शेजारचा माणूस दिसत नाही.

पलीकडच्या वावरातून मारोतराव आले. ड्रम त्यांचा.

“मोसमात सगळ्या शिवाराची हळद इथंच येते, बाई. सकाळपासून ड्रम फिरून राहतो. तुमी घर घेऊन राहिल्या का? मग सांगून ठेवतो, तवा बाहेर कपडे वाळू घालू नका.”

“मग हा झाकून काहून ठेवला?”

“आमी कशाला झाकतो! शेठनंच ताडपत्री आणून दिली. म्हणला, पावसात गंजल तुमचा माल. लई भला माणूस.”

मारोतरावांचा काडीचा दोष नाही. वावर त्यांचं, हळद त्यांची, कॉलनीच्या कितीतरी आधीपासूनची. पण शेठचं भलेपण बघून माझं डोकं फिरलं. साइटवर घेणाऱ्याला आपलं मत सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. म्हणून तोंड दाबून परत आले आणि रिपोर्टमध्ये लिहिलं: घराला लागून हळद पॉलिशचा ड्रम आहे, मोसमात प्रचंड धूळ होते, राहण्यावर आणि विक्रीवर परिणाम होईल.

दुसऱ्या दिवशी बँकेच्या मॅनेजरनं बोलावलं.

“मॅडम, ही ओळ काढा. हिंगोलीत बसून हळदीला नावं ठेवता? लोक हसतील.”

“हळदीला नाही ठेवत साहेब. दम्याच्या पेशंटला ड्रमच्या कुशीत घर विकणाऱ्याला ठेवते.”

“दमा तुमच्या रिपोर्टमध्ये येतो का?”

“दमा नाही येत. मार्केटेबिलिटी येते. हे घर मार्चमध्ये दाखवून कुणाला विका बरं!”

त्यांनी आवाज खाली आणला. “शेठचं सगळं काम आपल्याच ब्रँचला येतं. जरा समजून घ्या.”

“समजलं.”

“मग काढता ना?”

“नाही.”

“पॅनेलवर राहायचं ना तुम्हाला?” पॅनेल म्हणजे बँक ज्यांना काम देते त्यांची यादी.

“पॅनेल तुमच्या हातात आहे साहेब. ओळ माझ्या हातात आहे.”

आठवडाभरानं त्यांचाच फोन. दुसऱ्या व्हॅल्युअरनं ‘शांत निवासी परिसर’ असं लिहून दिलंय, तुम्ही उगाच ताणलंत. म्हणजे आता कर्ज होणार, रजिस्ट्री होणार आणि भाभी मोंढ्यातल्या धुळीतून उठून हळदीच्या धुळीत जाऊन बसणार. तेही आयुष्यभराच्या हप्त्यावर! मी स्कूटी काढली आणि थेट रफीकभाईंच्या दुकानात. नियम मोडला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन.

रिपोर्टबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हटलं, “रफीकभाई, भाभींना घेऊन चला. एक गोष्ट डोळ्यांनी बघा.”

मारोतरावांनी ताडपत्री काढली. “फिरवून दाखवू का?” म्हणाले आणि रिकामाच ड्रम हातानं चार वेळा फिरवला. आत चिकटलेली, कोरडी झालेली जुनी साल भसकन उडाली. केवढीशी ती. पण भाभींना ठसका लागला तो थांबेना. रफीकभाई त्यांची पाठ चोळत होते. ती शिट्टी मला चार हातांवरून ऐकू येत होती.

तेवढ्यात शेठ धावत आला. कुणीतरी कळवलं असणार.

“अहो भाभी, हळद शुभ असते! नव्या वास्तूला हळद लागली म्हणा ना.”

भाभींनी पदर तोंडावरून बाजूला केला. श्वास पुरत नव्हता, तरी बोलल्या.

“माझी हळद कवाच झाली, भाऊ. आता रोज रोज कशाला लावता?”

मारोतरावांना हसू आवरेना. शेठचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं. रफीकभाई शांतपणे म्हणाले, “सौदा कॅन्सल, शेठ. और ताडपत्री अपनी ले जाओ.”

“मॅडम, तुम्ही धंद्यावर उठलात माझ्या,” शेठ माझ्याकडं वळला.

“उठलेच. काय करता?”

काय करणार होता? त्या ब्रँचचं माझं काम बंद करवलं, एवढंच. सुरुवातीला झळ बसली, खोटं कशाला बोलू. पण वाईट एक दिवस वाटलं नाही.

पुढं रफीकभाईंनी रेल्वे लाइनीपलीकडं घर बघितलं. बँक दुसरी, आणि व्हॅल्युएशन योगायोगानं माझ्याकडंच. मी हट्टानं मार्चमध्ये गेले. बोलता बोलता गाडी आली, कानठळ्या बसल्या. भाभी गाडी जाईपर्यंत थांबल्या.

“इथं पण शिट्टी वाजते मॅडम,” त्या म्हणाल्या. “पण गाडीची. माझी न्हाई.”

रिपोर्टमध्ये परिसरापुढं मी लिहिलं: गोंगाट आहे, हवा स्वच्छ आहे. तिथल्या मॅनेजरचा फोन आला, “मॅडम, असं कुणी लिहितं का?”

“मी लिहिते,” म्हटलं. आणि तुम्हालाही सांगते, घर शांत आहे असं कुणी म्हणालं, तर कोणत्या महिन्यात, एवढं विचारत जा.