मातीच्या नावानं भोपळा

आमच्या राहू गावच्या रानातून पाण्याची मोठी पाइपलाइन जायची ठरली, तेव्हा आलेले साहेब फार गोड बोलले. "ताई, जमीन तुमचीच राहणार. आम्ही फक्त हा पट्टा तात्पुरता ताब्यात घेतोय. काम झालं की परत. उभ्या पिकाची भरपाई मिळेल." तात्पुरता म्हणे! पाहुणाही तात्पुरताच येतो, पण तो काही आपली चूल उकरून ठेवत नाही.

पट्ट्यात माझी शेवंती होती, नुकती कळीला आलेली. माझी जीभ तिखट, हे माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक आहे. भांडभांड भांडले आणि शेवंतीची भरपाई पदरात पाडून घेतली. मामा, म्हणजे माझे सासरे, तोवर बांधावर उभे होते. सगळं उरकल्यावर हळूच म्हणाले, "आन् मातीचं काय?"

"मातीचं काय, आबा? ती कुठं जातीय?" साहेब हसले.

आता ह्यांना कोण सांगणार! आमचं रान मूळचं मुरमाड. मामांनी तरुणपणी नदीचा गाळ बैलगाडीनं आणून आणून त्यावर काळी माती चढवली. किती उन्हाळे त्यात गेले ते त्यांनाच ठाऊक. खणताना ती काळी खाली गेली आणि मुरूम वर आला, तर मामांचं तरुणपणच खड्ड्यात जाणार होतं. मामांनी हे सांगितल्यावर साहेब जरा नरमले. म्हणाले, "खरं आहे तुमचं. पण भरपाई पिकाची असते, झाडाची असते, विहिरीची असते. मातीची नसते."

"म्हंजी मातीच्या नावानं भोपळा," मामा म्हणाले.

मशीन आलं. ड्रायव्हर बिहारचा. मामा त्याच्यापुढं जाऊन म्हणाले, "भैया, काली मिट्टी इधर, मुरूम उधर. मिक्स न्हाई करनेका." मला हसू फुटलं, पण त्या बाबानं ऐकलं. बांधाच्या एका अंगाला काळ्या मातीचा ढीग लागला, दुसऱ्या अंगाला मुरमाचा.

पुढच्याच आठवड्यात मामांनी काळ्या ढिगावर भोपळ्याच्या बिया टोचल्या आणि बादलीनं पाणी घालायला लागले. गावातली माणसं कशाला सोडतात? "काय मामा, सरकारनं दिलेला भोपळा पेरला व्हय?" मामाही हसायचे. बघता बघता वेलानं ढीग झाकून टाकला, पिवळी फुलं आली, मग बारके भोपळे धरले.

पाइप टाकून झाला आणि बुजवायचा दिवस आला, तो नेमका मामा घरी नसताना. नवऱ्याच्या रांजणगावच्या कंपनीत सुट्टी होती, म्हणून ह्यांनी मामांना डोळे दाखवायला दौंडला नेलं होतं. मी रानात पोचले तर नवाच ड्रायव्हर, आणि मशीनचा पंजा काळ्या ढिगात! बघता बघता काळी माती तळाला ओतली जात होती. पळत जाऊन पंज्यापुढं उभी राहिले.

मुकादम ओरडला, "ओ ताई, बाजूला व्हा! भरपाई घेतलीय तुम्ही."

"शेवंतीची घेतली. ह्या भोपळ्याची कुठं घेतली? उभं पीक हाय, दिसत न्हाई का? बोलवा साहेबांना, करा पंचनामा, मग लावा हात!"

हे माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. माती तळाला जातेय म्हणून कितीही घसा फोडला असता तरी त्यानं ऐकलं नसतं. पंचनामा म्हटल्यावर मात्र गडी गार पडला. नव्यानं पंचनामा म्हणजे काम अडकणार, मशीनचं भाडं चढणार. चडफडत त्यानं ड्रायव्हरला आधी मुरूम लोटायला सांगितलं.

दुपारी मामा आले. डोळ्यांत औषध, वर काळा चष्मा. एवढंच विचारलं, "किती गेली?"

"मशीनच्या दोन बकेट," मी म्हटलं. मला रडू आवरेना.

मुरूम भरून झाल्यावर काळी माती वर पसरायला मोकळी व्हावी म्हणून मामांनी स्वतःच्या हातानं वेल उपटला. कोवळे भोपळे तोडले आणि त्यातला मोठा मुकादमाच्या हातात दिला. मी चिडले. "मामा, ह्याला कशाला?"

"थांबला न्हवं त्यो? घे रं बाबा, भाजी कर."

घरी येताना मी म्हटलं, "मामा, तुम्ही लई बेरकी. भोपळा मुद्दाम लावला होता ना? पंचनामा करावा लागेल म्हणून?"

मामांना नवलच वाटलं. "मुद्दाम कशाला गं? उघडी माती बघवंना, म्हणून लावला."

पट्ट्यात आता पुन्हा शेवंती आहे. एकाच जागी मुरूम वर राहिलाय. तिथं ती गुडघ्यालाही येत नाही. मामा रोज सकाळी टोपलंभर शेणखत आणि ओढ्यातली थोडी माती नेऊन तिथं टाकतात. आता तोल जातो, वाटेत निम्मं सांडतं. परवा मी वैतागून म्हटलं, "मामा, हे कुठवर चालणार हाय?"

टोपलं खाली ठेवून त्यांनी कंबर सरळ केली.

"भरंल की हळूहळू," म्हणाले. "तात्पुरतंच हाय."